हाडांसाठी कॅल्शिअम, डी३ आणि के२ची एकत्रित गोळी: आधी हिशोब, मग वेळापत्रक

मेडिकलच्या काउंटरवर "हाडांसाठी काहीतरी द्या" म्हटलं की हल्ली एकाच गोळीत सगळं मिळतं. कॅल्शिअम, डी३, के२, मॅग्नेशिअम, झिंक, कधी बी१२, कधी बोरॉन. गोळी मुळात वाईट नसते. पण ती घरी पोचते तेव्हा औषधांच्या डब्यात आधीपासून तीन पाकिटं असतात: डॉक्टरांनी दिलेली साठ हजार आययूची डी३ (आययू हे जीवनसत्त्वाची मात्रा मोजायचं एकक), एक मल्टिव्हिटॅमिन आणि गुडघेदुखीसाठी नातेवाइकांनी सुचवलेलं आणखी एक. प्रत्येकात तेच घटक कमीजास्त असतात. मग एखादं जीवनसत्त्व गरजेच्या कितीतरी पट पोटात जातं, आणि कॅल्शिअम चुकीच्या वेळी घेतल्यामुळे शोषलंच जात नाही. म्हणून गोळी कुठली घ्यायची हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, मुळात कमी किती पडतंय?

ताटातलं कॅल्शिअम मोजा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शिअम लागतं. रजोनिवृत्तीनंतर, उतारवयात आणि अंगावर पाजणाऱ्या आईला १२०० मिलिग्रॅम. हा आकडा अन्न आणि गोळी दोन्ही मिळूनचा आहे. अनेक जण तो फक्त गोळीचा समजतात आणि ५०० च्या दोन गोळ्या सुरू करतात. घोळ इथून सुरू होतो.

हिशोबासाठी मोजके आकडे पुरतात. पिशवीतल्या दुधात, गाईचं असो वा म्हशीचं, १०० मिलिलिटरला साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शिअम धरा. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात २४०. साय काढल्याने ते कमी होत नाही, कारण कॅल्शिअम सायीत नसतं. घट्ट दह्याची १५० ग्रॅमची वाटी दीडशे ते एकशेऐंशीच्या आसपास जाते. ताक किती पातळ केलंय त्यावर ठरतं. वाटीभर दह्याचं चार पेले ताक केलं, तर चारही पेले मिळून तेवढंच. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या वर असतं, म्हणजे ४० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे १४०. सालीसकट, बिनपॉलिशच्या तिळाच्या मोठ्या चमच्यात (१० ग्रॅम) सव्वाशेच्या आसपास. पांढरेशुभ्र, साल काढलेले तीळ घेतले तर यातलं बहुतेक निघून गेलेलं असतं. चटणीसाठी तीळ घेताना हे जरूर बघा. शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅमला तीनशेच्या पुढे असतं. पालक आणि अळू मात्र या यादीत धरू नका, त्यांतल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शिअम बांधलं जातं आणि फारच थोडं अंगी लागतं. मासे खाणाऱ्यांनी काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे, सुकट, बोंबील जमेला धरावेत. पापलेटच्या तुकडीतून काही मोठं कॅल्शिअम मिळत नाही.

समजा, कोथरूडमधल्या ५८ वर्षांच्या शाकाहारी बाईंचा दिवस असा आहे: दोन कप चहात मिळून १०० मिलिलिटर दूध, दुपारी वाटीभर दही, बाकी पोळी, वरण, भाजी, भात. दुधाचे १२०, दह्याचे १७०, उरलेल्या जेवणाचे साधारण १६०. झाले ४५०. गरज १२०० ची, तूट ७५० ची. आता रात्री पेलाभर दूध वाढवलं तर २४० भरून निघाले, जेवणात चमचाभर तिळाची चटणी आली तर आणखी सव्वाशे. उरली पावणेचारशे ते चारशेची तूट. त्यांना ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरेशी आहे, दोन नकोत. आणि ज्यांच्या घरी दूध, दही, नाचणी रोज आहे त्यांना कॅल्शिअमची गोळीच लागत नाही, फक्त डी लागू शकतं. हे काउंटरवर कुणी सांगत नाही, म्हणून घरीच तीन दिवसांचं खाणं कागदावर लिहून बेरीज करा. एका दिवसाचं नको, त्या दिवशी नेमका श्रीखंडाचा बेत असू शकतो.

उन्हाचा गैरसमज आणि डी जीवनसत्त्व

पुणं साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऊन बारा महिने आहे. तरीही डी कमी असल्याचे रिपोर्ट घरोघरी दिसतात. याचं एक कारण आपल्या लाडक्या सल्ल्यात आहे: "सकाळचं कोवळं ऊन घ्यावं." कोवळं ऊन सुखद असतं, पण त्वचेत डी तयार करणारे यूव्हीबी किरण सूर्य तिरपा असताना वातावरणातच अडतात. साधी खूण अशी: तुमची सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तर डी जवळपास बनत नाही, आखूड असेल तर बनतं. म्हणजे साधारण सकाळी दहा-साडेदहा ते दुपारी दोन-अडीच. या वेळात शहर ऑफिसात असतं. आणि बाहेर असलंच तर दुचाकीवर, तोंडाला स्कार्फ, हातात कोपरापर्यंत मोजे, अंगात सनकोट. काचेतून आलेल्या उन्हाचाही उपयोग नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. त्यात पावसाळ्याचे ढगाळ महिने. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो; हात, पाय, चेहरा उघडा ठेवून अर्धा ते एक तास, आठवड्यातून बरेच दिवस. ज्यांना हे जमतं त्यांनी जरूर करावं. जमत नसेल तर डीची गोळी हा सरळ मार्ग आहे.

प्रौढांसाठी दिवसाची शिफारस ६०० आययू, साठीनंतर ८००. पाकिटावर कधी मायक्रोग्रॅम लिहिलेले असतात. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. त्यामुळे १५ मायक्रोग्रॅम म्हणजे ६००, २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १०००. सगळ्या पाकिटांतून मिळून दिवसाला ४००० आययूच्या वर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, जाऊ नये.

साठ हजारांची गोळी रोजची नव्हे

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा, विशेषतः आईवडिलांच्या गोळ्या काढून देणाऱ्यांनी. ६०,००० आययूची कॅप्सूल, पावडरची पुडी किंवा ५ मिलिलिटरची पिण्याची छोटी बाटली ही कमतरता भरून काढण्यासाठी असते: बहुधा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, आणि पुढे महिन्यातून एकदा किंवा रोजच्या लहान मात्रेवर. स्ट्रिपमध्ये चार किंवा आठ कॅप्सूल असतात आणि त्या दिसायला रोजच्या कॅप्सूलसारख्याच असतात. चिठ्ठीवरचं "आठवड्यातून एकदा" वाचलं गेलं नाही की ती रोज एक अशी सुरू होते. रोजच्या ६०० आययूच्या गरजेच्या शंभरपट मात्रा महिनाभर गेली की रक्तातलं कॅल्शिअम चढतं. भूक मरते, मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, मग गुंगी, गोंधळलेपण, आणि मूत्रपिंडाला इजा. वयस्क माणसात ही लक्षणं "वयामुळे" म्हणून सोडून दिली जातात. डी चरबीत साठतं, त्यामुळे गोळी थांबवली तरी परिणाम कित्येक आठवडे उतरत नाही. अशी शंका आली तर डी, कॅल्शिअम सगळं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं कॅल्शिअम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) तपासावं लागतं.

दुसरी चूक कोर्स न संपवण्याची नसून न थांबवण्याची आहे. आठ आठवड्यांची चिठ्ठी घेऊन दोन वर्षं तीच गोळी दर रविवारी चालू राहते, कारण मेडिकलवाला ओळखीचा असतो. चिठ्ठीवर सुरू केल्याची तारीख आणि शेवटची तारीख दोन्ही लिहून घ्या, आणि कॅप्सूल कॅलेंडरवर खूण करूनच घ्या.

वर्षाचं एकदम उरकून टाकणाऱ्या मोठ्या मात्रेचाही मोह नको. ऑस्ट्रेलियात वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख आययू देऊन पाहिलं गेलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. ६ लाखांचं इंजेक्शन "एकदाच टोचून घ्या, कटकट नको" म्हणून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कुठली तपासणी, कुठली नको

डीची पातळी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी या रक्ततपासणीतून कळते. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर हाडांच्या दृष्टीने कमी मानतात. लॅबच्या रिपोर्टवर "३० पर्यंत अपुरं" छापलेलं असतं, म्हणून २४ आलेला माणूस घाबरतो. २४ ला साठ हजारांच्या कोर्सची गरज बहुतेकांना नसते. शंभरच्या वर गेलं तर मात्र काळजीचं. गोळी सुरू केल्यावर पातळी स्थिरावायला तीनेक महिने लागतात, त्याआधी पुन्हा तपासून पैसे घालवू नका.

"रक्तातलं कॅल्शिअम नॉर्मल आहे, म्हणजे हाडं ठीक" हे चूक आहे. खाण्यातून कमी पडलं की पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक हाडांतून कॅल्शिअम काढून रक्तातली पातळी सांभाळतं. रिपोर्ट नॉर्मल, हाड रितं, असं वर्षानुवर्षं चालू शकतं. त्या तपासणीचा उपयोग उलट्या बाजूने आहे: कॅल्शिअम जास्त असेल तर गोळी सुरू करू नये.

हाडांची घनता मोजायला डेक्सा स्कॅन लागतो, कंबर आणि खुब्याचा. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. उणे १ ते उणे २.५ मधला टप्पा ऑस्टिओपेनियाचा. सोसायटीत किंवा मेडिकलबाहेर टाच यंत्रात ठेवून मोफत मोजून देतात ती अल्ट्रासाउंड चाचणी निदानासाठी नाही. तिथे टाच ठेवल्यावर हातात येणाऱ्या रिपोर्टसोबत बहुधा एक गोळीचं पाकीटही पुढे येतं. रिपोर्ट फार तर डेक्सा करावा का हे विचारायला वापरा. आणि टी-स्कोअर खरोखर उणे २.५ च्या खाली असेल, तर एकत्रित गोळी हा त्यावरचा उपचार नव्हे; ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड अशी औषधं लागतात आणि कॅल्शिअम-डी त्यांना जोड म्हणून. झोलेड्रोनिक ॲसिडची सलाइन घेण्याआधी तर डी आणि कॅल्शिअम भरून घेतलेलं असावंच लागतं, नाहीतर रक्तातलं कॅल्शिअम एकदम उतरतं.

गोळीकडून अपेक्षा किती ठेवायची, हेही नीट समजून घ्या. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शिअम आणि ८०० आययू डी दिल्यावर खुब्याची मोडतोड कमी झाली. त्या वयस्क, घरात बसलेल्या, कमतरता असलेल्या होत्या. उलट अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक साध्या निरोगी प्रौढांना रोज २००० आययू डी देऊन पाहिलं, २०२२ चा निष्कर्ष: फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. आमचं मत या दोन्हींवर उभं आहे. कमतरता असेल तिथे गोळी मोलाची आहे. नसेल तिथे ती नुसता खर्च आहे.

पाकीट वाचणं

पुढचं मोठं अक्षर सोडा, मागचं बारीक वाचा. शोधायचा शब्द "एलिमेंटल कॅल्शिअम", म्हणजे क्षारातलं प्रत्यक्ष कॅल्शिअम. कॅल्शिअम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शिअम असतं: १२५० मिलिग्रॅम कार्बोनेट म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शिअम. कॅल्शिअम सायट्रेटमध्ये सुमारे २१ टक्के: १००० मिलिग्रॅम सायट्रेट म्हणजे २१० च. "कॅल्शिअम १०००" छापलेल्या डबीत दोनशेच निघाले, असं यातूनच होतं. मग "पर सर्व्हिंग" बघा. कित्येकदा एक सर्व्हिंग म्हणजे दोन गोळ्या असतात.

कार्बोनेट स्वस्त, गोळ्या कमी लागतात, पण ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. म्हणून ते जेवणासोबतच घ्यायचं. सायट्रेट रिकाम्या पोटीही चालतं, गॅस आणि बद्धकोष्ठ कमी करतं, पण महाग, आणि तेवढ्याच कॅल्शिअमसाठी गोळ्या जास्त. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल यांपैकी ॲसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर कार्बोनेट नीट विरघळत नाही, सायट्रेटच घ्या. कालवांच्या शिंपल्यांपासून केलेलं कॅल्शिअमही कार्बोनेटच असतं. कडक शाकाहारी असाल तर ते, जिलेटिनची कॅप्सूल आणि डी३ चा स्रोत तपासा. डी३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं.

आता एक बारीक पण फार महत्त्वाचा फरक. बऱ्याच कॅल्शिअम कॅप्सूलमध्ये डी३ नसून "कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅम" असतं. हे डीचं तयार, सक्रिय रूप आहे. मूत्रपिंड ते बनवू शकत नसेल अशा रुग्णांसाठी त्याचा खरा उपयोग. साध्या कमतरतेत ते नको, कारण शरीराचा स्वतःचा लगाम ते ओलांडतं आणि रक्तातलं कॅल्शिअम पटकन चढू शकतं. शिवाय त्याने डीचा साठा भरत नाही. तीन महिने कॅल्सिट्रिऑल घेऊन रिपोर्टमध्ये डी तेवढंच कमी, हे त्यामुळे. अल्फाकॅल्सिडॉलचंही तसंच. डॉक्टरांनी मुद्दाम लिहून दिलं नसेल तर "कोलेकॅल्सिफेरॉल" म्हणजे डी३ लिहिलेलं पाकीट मागा.

बाकीच्या घटकांचं काय

के२ (मेनाक्विनोन-७) हल्ली प्रत्येक पाकिटावर असतं. के जीवनसत्त्वामुळे ऑस्टिओकॅल्सिन हे हाडांतलं प्रथिन कामाला लागतं, एवढं पक्कं. जपानमध्ये ऑस्टिओपोरोसिससाठी के२ औषध म्हणून देतात, पण ते मेनाक्विनोन-४ आणि मात्रा ४५ मिलिग्रॅम. आपल्या पाकिटातलं असतं ४५ किंवा ९० मायक्रोग्रॅम, वेगळ्या प्रकारचं, पाचशे ते हजारपट कमी मात्रेचं. तिथला दाखला इथे लागू होत नाही. असलं तर असू द्या. त्याच्यासाठी दुप्पट किंमत मोजू नका. मात्र वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर के२ असलेली कुठलीही गोळी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊच नका. त्या औषधाचा परिणाम के जीवनसत्त्वाने कमी होतो आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाच्या बाबतीत ही जिवावरची चूक ठरू शकते.

मॅग्नेशिअम शरीराला लागतंच, डी वापरण्यासाठीही. पण १२५० मिलिग्रॅम कार्बोनेट भरलेल्या गोळीत त्याला जागाच किती उरते? नावापुरतं असतं. ते शेंगदाणे, डाळी, ज्वारी-बाजरीतून येऊ द्या. वेगळं घेतलं तर गोळीतून दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या वर नको, जुलाब होतात. झिंक ५० मिलिग्रॅमचं दीर्घकाळ घेतल्यास तांबं कमी पडतं. अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात जास्त झालं तर हाडं उलट कमजोर होतात, आणि गरोदरपणात ते बाळाला घातक आहे. मल्टिव्हिटॅमिन आणि कॉड लिव्हर ऑइल एकत्र घेणाऱ्यांनी रेटिनॉलची बेरीज करावी. बी१२ मात्र शाकाहारी पुणेकरांनी दुर्लक्षू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इथल्या लोकांमधली बी१२ ची कमतरता वर्षानुवर्षं अभ्यासली आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आणखी दिसते. पण ते तपासून, त्याच्या वेगळ्या मात्रेत घ्यावं, हाडांच्या गोळीतल्या चिमूटभरावर विसंबू नये. केसांसाठीचं बायोटिन चालू असेल तर रक्ततपासणीच्या दोन-तीन दिवस आधी थांबवा, नाहीतर थायरॉइडसकट काही रिपोर्ट चुकीचे येतात.

प्रवाळ भस्म, शंख भस्म घेत असाल तर तेही कॅल्शिअमच आहे, हिशोबात धरा. आणि "गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना दह्यात कालवून रोज घ्या" हा फिरणारा सल्ला बाजूला ठेवा. चुना दाहक आहे, दाणा कुणाचा किती मोठा याला माप नाही, आणि अन्ननलिकेला इजा झाली तर ती भरून यायला फार त्रास होतो.

घेण्याची रीत

आतडं एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅल्शिअम नीट शोषतं. म्हणून १००० घ्यायचं असेल तर दोन जेवणांत विभागून. कार्बोनेट जेवता जेवता किंवा जेवण संपल्या संपल्या, तासाभराने नाही. उपासाच्या दिवशी एकदाच खात असाल तर त्या खाण्यासोबत घ्या. निर्जळी असेल तर त्या दिवशी सोडा. डी आणि के स्निग्ध पदार्थांत विरघळतात, त्यामुळे ती दिवसातल्या तुपातेलाच्या मुख्य जेवणासोबत.

भांडण खरं वेळांचं आहे, कारण कॅल्शिअम इतर औषधांना आतड्यातच पकडून ठेवतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शिअम यांत चार तास हवेत. लोह आणि कॅल्शिअम यांत दोन तास तरी. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन अशी प्रतिजैविकं चालू असतील तर तेवढे दिवस कॅल्शिअम थांबवणं सर्वांत सोपं. ॲलेंड्रोनेट सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही, आणि कॅल्शिअम त्या दिवशी दुपारनंतर.

थायरॉइड, लोह, कॅल्शिअम आणि साप्ताहिक डी चालू असलेल्या आईचं वेळापत्रक असं बसतं: पहाटे सहाला थायरॉइडची गोळी पाण्यासोबत. सात-साडेसातला चहा, नाश्ता. इथे कॅल्शिअम नाही. दुपारी एकला जेवणासोबत कॅल्शिअम-डीची एकत्रित गोळी. साडेचार-पाचला लोह, लिंबूपाण्यासोबत, आणि चहा त्यानंतर तासाभराने. कॅल्शिअमची दुसरी गोळी लागत असेल तर रात्रीच्या जेवणाला. साठ हजारांची कॅप्सूल रविवारी दुपारी, जेवणात. सगळ्या गोळ्या सकाळच्या चहासोबत एका मुठीत घेण्याची सवय मोडली तर निम्मे प्रश्न सुटतात. थायरॉइडच्या रिपोर्टमधला टीएसएचचा आकडा विनाकारण चढतो त्यामागे बऱ्याचदा हीच मूठ असते.

बद्धकोष्ठ झालं तर आधी मात्रा विभागा, पाणी वाढवा; तरी त्रास असेल तर सायट्रेटवर जा. गोळी मोठी असून गिळवत नसेल तर फोडून चालेल का हे मेडिकलमध्ये विचारा, किंवा चावायची घ्या आणि ती पूर्ण चावा. स्थानिक, अनोळखी ब्रँडची साधी कार्बोनेटची गोळी विरघळते का हे घरी बघता येतं: वाटीत पांढरं व्हिनेगर घेऊन गोळी टाका, अधूनमधून हलवा, अर्ध्या तासात ती फुटून विरायला हवी. अखंड राहिली तर पोटातही बहुधा तशीच राहील. गोळ्या गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, आणि पावसाळ्यात स्ट्रिपमधून काढून डब्यात भरून ठेवू नका, ओल धरतात.

स्वतःहून सुरू करू नये असे लोक

मूतखडा होऊन गेलेले. यांनी जेवणातलं कॅल्शिअम कमी करू नये, उलट ते आतड्यातल्या ऑक्झलेटला बांधतं; पण गोळीने धोका वाढतो. अमेरिकेतल्या छत्तीस हजार स्त्रियांच्या २००६ च्या अभ्यासात कॅल्शिअम-डी घेणाऱ्यांत मूतखडे १७ टक्क्यांनी जास्त दिसले. मूत्रपिंडाचा आजार, पॅराथायरॉइडचा विकार, क्षयरोग किंवा सारकॉइडोसिस असलेले, कारण या शेवटच्या दोन आजारांत शरीर स्वतःच डी जास्त सक्रिय करतं. रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असलेले, कारण त्याने लघवीतून कॅल्शिअम कमी जातं आणि रक्तात वाढतं. डिगॉक्सिन घेणारे. या सगळ्यांनी चिठ्ठीशिवाय काही घेऊ नये.

बाळांची गोष्ट वेगळी. पहिल्या वर्षात रोज ४०० आययू डी देतात, पण थेंबांच्या बाटल्या ४०० आणि ८०० आययू प्रति मिलिलिटर अशा दोन्ही ताकदींच्या मिळतात. बाटली बदलली की जुनंच माप वापरलं जातं. दर वेळी बाटलीवरचा आकडा वाचा आणि तिच्यासोबत आलेलाच ड्रॉपर वापरा. मोठ्यांची पुडी थोडी थोडी करून लहान मुलाला कधीही देऊ नका.

पुढचे महिने

सुरुवातीला एक कागद करा: औषधाचं नाव, त्यातलं एलिमेंटल कॅल्शिअम, डीचे आययू, वेळ, सुरू केल्याची तारीख. घरातली सगळी पाकिटं त्यात आली पाहिजेत, कपाटाच्या मागची सुद्धा. डॉक्टरांकडे जाताना हा कागद आणि रिकाम्या स्ट्रिप न्या. "ती पांढरी लांबट गोळी" एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही. तीन महिन्यांनी डी तपासून कोर्स बंद करायचा की रोजच्या ६०० ते १००० वर यायचं, हे ठरवा. सोबत हाडांवर भार येईल असं चालणं हवं, पर्वतीच्या पायऱ्या, तळजाई, हनुमान टेकडी, ज्याला जे झेपेल ते. वजन उचलण्याचा साधा व्यायामही. गुडघे दुखतात किंवा तोल जातो अशांनी पायऱ्यांऐवजी सपाटीवर चालावं, आणि घरातली निसटणारी पायपुसणी, बाथरूममधली ओली फरशी यांची सोय आधी लावावी.

रोजची गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, एकच घ्या. रविवारची साठ हजारांची चुकली आणि सोमवारी-मंगळवारी आठवलं तर तेव्हा घ्या, पुढची आपल्या ठरल्या रविवारीच. शुक्रवार-शनिवारी आठवलं तर ती सोडून द्या आणि कोर्स एका आठवड्याने पुढे न्या.